आधी जिला कुणी लावलं नाही

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पार्ल्याच्या बाजारात तिच्यासाठीच खसखस घेत होते. संक्रांतीला महिना होता. "वहिनी, हात चालत नाहीत, पण हलवा मीच करणार," असं तिनं आदल्याच दिवशी रुग्णालयातून बजावलं होतं. मी पुडी पिशवीत टाकली, घरी आले... आणि मग रडले.

शुभा माझी धाकटी जाऊ. शाळेत विज्ञान शिकवायची. दीर ऐन चाळिशीत गेले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं माझ्या हळदीकुंकवाला ती आत स्वयंपाकघरात हलवा करत बसायची आणि मी बाहेर तो वाटायचे. तिला कुंकू लावायला मी कधी आत गेले नाही. लिहिताना लाज वाटते, वाटायलाच हवी.

निवृत्त झाली त्या वर्षी तिनं शेगडी आणि परात थेट दिवाणखान्यात आणून मांडली. बायका सरकून बसल्या. "बसा गं, आज ग्रह कसे होतात ते बघू या," म्हणाली. मंद आचेवर खसखस, वरून चमचाभर पाक आणि बोटं सतत फिरती. कोवळ्या ताऱ्याभोवती धुळीची आणि वायूची अशीच चकती फिरत असते, ती सांगत होती. कणाला कण चिकटतो, त्याचा खडा होतो, मोठ्या गोळ्याला तर इतकी ओढ येते की तो आसपासचं सगळं गोळा करतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "पण खडे एकमेकांवर आपटून फुटत नाहीत?" शुभा खूश. "फुटतात ना! मग पुढे वाढतात कसे, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. झकास ना, काकू?" वेळही बेताचाच असतो म्हणे. तारा उरलेला वायू उधळून लावतो, त्याआधीच गुरूसारख्या ग्रहांनी आपलं जमवून घ्यायचं. ते ऐकून मला कसली घाई झाली कोण जाणे, मी वाटीभर पाक एकदम ओतला. सगळ्याचा एकच गोळा. "वहिनी, वाट लावलीस!" ती खो खो हसली. मी उठले आणि सगळ्यांसमोर तिला कुंकू लावलं. जमलेल्यांतल्या दोघी उठून गेल्या. जाईनात का.

परवा चुलत सासूबाईंचा फोन आला. "घरात माणूस गेलंय गं, वर्षभर सण नाही. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. सण आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शुभा वरून बघत असेल, असं मला कुणी सांगू नये, तिला ते चाललं नसतं. ती नाही, आणि त्याचा मला भयंकर राग आहे. त्या रागातच परात चढवली आहे. बोटं भाजतात, पंखा लावूनही हलव्याला काटे येत नाहीत, पहिल्या खेपेची ढेकळं झाली. दुसरी चालू आहे. संक्रांतीला दार उघडं असेल. नवरा असलेल्या, नसलेल्या, कधीच नसलेल्या, सगळ्यांनी यावं. ग्रहांचं मी सांगेन, चुकेन, कुणीतरी दुरुस्त करा. कुंकू मात्र मीच लावणार, आणि आधी तिला, जिला आजवर कुणी लावलं नाही.