औंढ्याच्या डोंगरातली भेग आणि आम्ही दोघं

कड्यावर चढणाऱ्याच्या अंगावर जितके ओरखडे जमतात, तितकेच किस्सेही जमतात. ओरखडे आठवडाभरात बुजतात. किस्से मात्र दर वर्षी थोडे थोडे वाढत जातात! आमच्या कंपूत माणसं दोनच, मी आणि गौतम, तरी पोतंभर किस्से साठलेत. त्यातले हे एकाच शनिवार-रविवारचे. आणि हे मी वाढवलेले नाहीत. गरजच पडली नाही.

आधी ओळख करून देतो. मी वसमतला हायस्कूलात भूगोल शिकवायचो. कॉलेजात असताना गिर्यारोहणाचा एक महिन्याचा कोर्स केला होता, तेवढंच भांडवल. गौतम आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवायचा. सहा फूट उंची आणि खांदे असे, की साध्या दारातूनही जरा तिरपा होऊन आत यायचा. मी त्याच्यापुढं अगदीच काडी. दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांत, सुट्टी मिळाली की आम्ही दोर घेऊन जिल्ह्यातला एखादा कडा शोधत फिरायचो.

औंढा नागनाथच्या डोंगरातला एक कडा मी एसटीच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिला होता. काळाकभिन्न, आणि वरपासून खालपर्यंत कुऱ्हाडीनं एकच घाव घालावा तशी भेग. सप्टेंबरच्या शेवटाला आम्ही निघालो. तेव्हाचं हवामान म्हणजे सकाळी ऊन, दुपारी ढग आणि संध्याकाळी काय वाटेल ते!

*

सकाळच्या एसटीत गौतमच्या खांद्यावर दोराचं भलंमोठं वेटोळं. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता ते निरखून पाहिलं.

"दोर तर हाय," तो म्हणाला, "पोहरा कुठंय?"

गौतम गंभीरपणे म्हणाला, "आमीच पोहरा!"

*

कड्याच्या पायथ्याला एक तांडा. तिथल्या एका अंगणात आम्ही सामान ठेवलं. घर एका म्हातारीचं. कपाळावर गोंदण, कोपरापर्यंत बांगड्या, मागं पाच-सहा शेळ्या. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. मग आम्हीही याडीच म्हणायला लागलो.

"काहून चढता?" तिनं विचारलं.

याचं उत्तर मला आजही धड देता येत नाही. म्हणून मी मास्तरकी सुरू केली. याडी, हा सगळा डोंगर एके काळी पातळ होता, तापलेल्या गुळासारखा. जमिनीतून वर आला, पसरला, गार झाला. गार होताना आकसला, म्हणून ही भेग पडली.

याडी ऐकत राहिली. मग उठून कड्यापाशी गेली. दगडावर तळवा टेकवला आणि तापल्या तव्यावरून उचलावा तसा झटकन मागं घेतला.

"गार व्हायला किती दिस लागले असतील रं?"

बारा वर्षं मी हा धडा शिकवत होतो. हा प्रश्न मला एकाही वर्गानं विचारला नव्हता. आणि मलाही कधी पडला नव्हता!

*

आता ही भेग काय चीज होती ते सांगतो. बारीक भेग असली तर बोटं अडकवता येतात, मूठ अडकवता येते. मोठी असली तर आत शिरून एका भिंतीला पाठ आणि दुसऱ्या भिंतीला पाय लावून चढता येतं. ही अधली-मधली. मूठ घातली तर ढिली, अंग घातलं तर घट्ट. एक हात, एक खांदा, एक पाय आत कोंबायचा आणि गोगलगाईसारखं वर सरकायचं. गुडघ्यांना आणि कोपरांना आम्ही ट्यूबचे तुकडे बांधले होते, नाहीतर कातडी दगडालाच राहिली असती.

अशा भेगेत दोर अडकवायला परदेशात मोठाली यंत्रं मिळतात, हे आम्ही फक्त मासिकात पाहिलेलं. गौतमनं बाभळीच्या लाकडाच्या पाचरी केल्या होत्या. प्रत्येक पाचर रंधून, तेल पाजून, भोक पाडून त्यात पट्टा ओवलेला. आठ दिवस आयटीआय सुटल्यावर बसून केलेलं काम.

मी पहिली पाचर भेगेत ठोकली, तिच्यात दोर अडकवला आणि खाली ओरडलो, "गौतम, टिकेल ना रे ही?"

"सर, पाचर टिकंल. डोंगराचं तुमी बघा!"

*

शनिवारी अकराच्या सुमारास आम्ही अर्ध्यावरच्या एका फळीएवढ्या कपारीत पोचलो. बाहेर उन्हानं डोकं भाजत होतं आणि भेगेच्या आतून मात्र माठातल्यासारखा गारवा येत होता. दमून दोघंही भिंतीला टेकलो होतो.

तेवढ्यात सूर्य असा आला, की उन्हाची एक पट्टी सरळ भेगेच्या आत शिरली. हातभर आत दगडात एक पोकळी होती, घमेल्याएवढी. ऊन तिच्यावर पडलं आणि आतलं सगळं पेटलं! पांढरे, मधूनच हिरवट, बोटाएवढाले स्फटिक. शेकडो. एकेकाची धार अशी, की आत्ताच कुणी घासून ठेवली असावी. त्यांचा उजेड उलटा फिरून गौतमच्या चेहऱ्यावर नाचत होता.

गौतमनं हात आत घातला. एका स्फटिकाला बोट लावलं. मी म्हटलं, घे एखादा, वर्गात दाखवू.

त्यानं हात मागं घेतला. "नको सर. इतक्या वर्षांत यांच्याकडं कोनी बघितलं नसंल. आज कुठं कोनी आलं, आन आल्या आल्या तोडातोडी?"

दहा मिनिटांत ऊन सरकलं आणि पोकळी काळी झाली. नंतर बॅटरी टाकून पाहिली. नुसते दगड दिसले!

*

चार वाजता हवा पडली. एक पान हलेना. पश्चिमेकडून ढग असे आले, की जणू दुसरा डोंगरच चालत येत होता.

दुपारभर वरची वाट चाचपून आम्ही परत त्याच कपारीत आलो होतो, उतरायच्या तयारीत. मला वाटलं भेगेत मधमाश्या आहेत. बारीक गुणगुण ऐकू येत होती. मी इकडंतिकडं पाहिलं, पोळं कुठं दिसेना.

"सर," गौतम हळूच म्हणाला, "माश्या न्हाईत. आपलं लोखंड गाऊन राहिलं."

खरंच! कमरेला लावलेल्या, दोर अडकवायच्या लोखंडी कड्या गुणगुणत होत्या. गौतमच्या हातावरचे केस एकूण एक उभे. मानेवरून मुंग्या चालल्यासारखं वाटत होतं. कोर्समध्ये एकदाच ऐकलं होतं, असं झालं की वीज पडायच्या बेतात असते. कड्या, हातोडी, जे जे लोखंडाचं होतं ते एका दोरीला बांधून खाली सोडलं. आणि पायावर उकिडवे, माना खाली घालून, भिंतीला पाठ न टेकता बसलो.

एकदम सगळं पांढरं झालं. आवाज आला असं म्हणता येणार नाही, आवाजातच आम्ही होतो. डोळे उघडले तेव्हा समोरच्या उतारावरचा एक पळस मधोमध चिरला होता आणि त्यातून वाफ निघत होती.

 मग गौतमनं आपलेच हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "वायरमनच्या पोरांना मी वर्षभर वीज शिकवून राहिलो सर. आता सोमवारी काय शिकवू?"

*

रविवारी सकाळी याडीच्या अंगणात उठलो तर कडाच नाही! धुक्यानं सगळं गिळलेलं. आम्ही चाचपडत भेगेपाशी गेलो आणि कपारीपर्यंत चढलो. नऊ वाजता धुकं खाली बसलं आणि आम्ही वर राहिलो. पायाखाली दुधाचा तलाव, त्यातून दूरवर डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आलेले. तांडा दिसत नव्हता. पण दुधाच्या तळातून कोंबडा आरवला, एका बाईनं कुणाला तरी हाक मारली, पितळेचा हंडा वाजला.

गौतम म्हणाला, "वरून देवाला असंच ऐकू जात असंल काय सर?"

मी म्हटलं, "तू देव मानत नाहीस ना?"

"न्हाई मानत," तो म्हणाला. "पण त्याची जागा चांगली हाय!"

*

आता शेवटचं. दुपारी दोन वाजता मी माथ्यावर पोचलो. भेग शेवटी शेवटी बाटलीच्या गळ्यासारखी आवळत गेली होती. मी काडी, निसटलो. वर एका मोठ्या धोंड्याला स्वतःला बांधलं आणि गौतमला बोलावलं.

तो झकास आला. शेवटच्या हातभरात त्याचं डोकं आणि एक हात बाहेर आला, आणि छाती अडकली. वर येईना, खाली जाईना. पाय खाली चाचपत होते, टेकू लागत नव्हता. श्वास घेतला की छाती फुगायची आणि दगड आणखी आवळायचा.

"सर, हलता येऊन न्हाई राहिलं."

हसत म्हणाला तो. पण डोळे हसत नव्हते.

तेवढ्यात माझ्या हातावर टप्पकन थेंब पडला. मी मागं वळून पाहिलं. माथ्याचा सगळा उतार भेगेकडंच होता. पाऊस लागला, तर सगळ्या पठाराचं पाणी ओहोळ होऊन गौतमच्या तोंडावर येणार होतं. मी दोर धरून जीव खाऊन ओढलं. तो कळवळला. पुन्हा ओढलं.

"ओढू नगं!"

आवाज भेगेच्या आतून आला. मी दचकलो. खाली, साठ-सत्तर फुटांवर, याडी शेळ्या घेऊन आली होती. सरळ भेगेत शिरून, तोंड वर करून ओरडत होती. तो आवाज त्या अरुंद जागेतून नळीतून यावा तसा कानाशी येत होता.

"ओढायचं नसतं रं! मान मोडंल त्याची! तू निसता धरून ऱ्हा. येनारा आपसूक येतो!"

"याडी, अडकलाय तो!" मी ओरडलो. "पाणी येतंय वरून!"

"ह्या तांड्यातली समदी लेकरं ह्याच हातांनी मोकळी केली म्या. आडवी आलेली, पायाळू आलेली. ह्यो तर डोक्यानं येऊन राहिला! पोरा, ऐकतोस का?"

"व्हय," गौतम कसाबसा म्हणाला.

"समदा श्वास सोड. पोटातला बी सोड. आन दोन्ही खांदे एकदम आनू नगं. एक खाली दाब, दुसरा म्होरं काढ. घाई न्हाई करायची. दम लागला की थांब. मंग पुन्यांदा."

गौतमनं डोळे मिटले. श्वास सोडला, अगदी तळापर्यंत. डावा खांदा खाली दाबला. उजवा बोटभर वर आला. थांबला. पुन्हा. मी दोर धरून नुसता बसलो होतो. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

आणि पाऊस सुरू झाला. आधी थेंब, मग सर. माथ्यावरून पाण्याची एक धार वळवळत आली, गौतमच्या मानेवरून, छातीवरून भेगेत उतरली. मी किंचाळलो, "याडी, पाणी आलं!"

"आलं का? बेस झालं!" ती खालून ओरडली. "पानी सुटलं, आता येळ न्हाई लागायचा! पोरा, आता! सोड श्वास! सोड!"

ओल्या दगडावर शर्ट टर्रकन फाटला. उजवा खांदा बाहेर आला. मग डावा. मग एकदम सगळा गौतम, सहा फूट, चिखलानं आणि रक्तानं माखलेला, माझ्या मांडीवर येऊन पडला.

मी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पाऊस आम्हा दोघांवर कोसळत होता. 

खालून आवाज आला, "आला का?"

"आला!" मी ओरडलो.

क्षणभर नुसता पाऊस. मग पुन्हा, जरा काळजीनं, "रडला का?"

मी गौतमकडं पाहिलं.

"रडला, याडी!"