ग्लोरीच्या लग्नाची घंटा मी वाजवली!

ऑफिसातली मैत्रीण ग्लोरी लग्नाचं बोलावणं घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्या चर्चची घंटा वाजवायला एक माणूस कमी पडतंय. येशील?" मी आधी हो म्हटलं आणि मग विचारलं, ती वाजवतात कशी!

लग्नाच्या दोन दिवस आधी स्वारगेटहून एसटी पकडली. हायवेवर कामं चाललीत, सहा-सात तास धरूनच निघा. कोल्हापूर स्टँडजवळ मिसळ हाणली (सोबत स्लाइस ब्रेड येतो, पावासाठी हटून बसू नका) आणि कागलकडची बस धरून अर्ध्या तासात गाव गाठलं.

घंटेची टीम म्हणजे दोघी जावा: निवृत्त नर्स मार्थामावशी आणि सुशीलाकाकू. मनोऱ्यातून जाडजूड दोर लोंबत होता.

"वडायचं आन् सोडायचं," मावशी म्हणाल्या. "लग्नाची घंटा लागोपाठ. मधी दम खाल्लास की मयताची वाटती. समजलं न्हवं?"

समजलं, आणि घामच फुटला! त्यात ग्लोरीचे पप्पा पाय मोडून घरी, दोन गल्ल्या पलीकडे. व्हिडिओ कॉल त्यांना नको होता. "घंटा वाजली की कळंल मला, पोरीचं लगीन लागलं," एवढंच त्यांचं म्हणणं.

सरावात गाव दचकू नये म्हणून मावशींनी घंटेच्या लोलकाला जुनं लुगडं गुंडाळलं. पहिल्याच ओढीला मी दोर सोडायला विसरले आणि गेले की हातभर वर!

"पावणं उडालं!" काकू हसून हसून खालीच बसल्या. दोन दिवस हाच तमाशा. तळहात सोलवटले, पण इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते.

लग्नादिवशी लुगडं सोडलं. आत लग्न लागलं, खूण झाली. आधी मावशी, मग काकू, मग मी. ठण ठण ठण, काय सांगू, अंगावर काटा! आणि तेवढ्यात माझा पदर दोरात अडकला. घंटा थांबली.

"पदर सोड, दोर न्हाय!" मावशी ओरडल्या. पिन तुटली, पदर वर गेला, काकूंनी निऱ्या धरल्या आणि मी वेड्यासारखी ओढत सुटले.

पुण्यात पोचले त्या संध्याकाळी ग्लोरीच्या पप्पांचा फोन. "मधी घंटा थांबली तवा काळजात चर्र झालं बघ."

"सॉरी काका, माझा पदर..."

"आगं सॉरी काय? परत वाजली तसा पलंगाला धरून उभा ऱ्हायलो. पोरीच्या लग्नात बापानं झोपून ऱ्हायचं असतंय व्हय?"