बादशाचा फोटो आणि हातभर लेन्स

माझ्या कॅमेऱ्याची लेन्स एका वळूने चाटली आणि त्यानंतर ती लेन्स राहिली नाही.

दुरुस्तीच्या दुकानातही मी हे असंच सांगितलं होतं. दुकानदाराने विचारलं, "पाण्यात पडली होती का?" म्हटलं, "नाही, चाटली." त्याने चष्मा वर करून आधी लेन्सकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही दुरुस्त होण्यासारखी नाहीत अशा चेहऱ्याने लेन्स परत दिली.

वळूचं नाव बादशा. तो माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे देवणीच्या गणपतरावांचा. त्यांना मी मामा म्हणतो. बादशा अस्सल देवणी जातीचा. अंग पांढरंशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा रंग, आणि चाल अशी की गावातली माणसं रस्ता सोडून उभी राहतात. सासुरवाडीला गेलो की "बादशानं खाल्लं का?" हे आधी विचारलं जातं, "जावईबापू जेवले का?" हे नंतर. मी कधी मनावर घेतलं नाही. (घेतलं असतं तरी कुणाला सांगणार?)

दिवाळीत गेलो असताना मी त्याच्या डोळ्याचा जवळून फोटो काढायला गेलो. माझ्या घामट हाताची चव त्याला आवडली असावी. त्याने हात चाटला, मग कॅमेरा चाटला. मी दचकून मागे सरलो तर मागे पाण्याचा हौद! मी वाचलो, कॅमेरा वाचला, लेन्स मात्र हौदाच्या काठावर आपटली. आवाज ऐकून मामा धावत आले.

"लागलं तर न्हाई ना?"

"नाही मामा, थोडं कोपराला..."

"तुम्हाला न्हाई हो. बादशाला!"

महिन्याभराने मामांचा फोन आला. देवणीत जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि मामांच्या भावकीतल्या बाबारावांनी आपल्या वळूचा फोटो टाकून चौकात भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं. बाबाराव स्वतः त्यात गॉगल लावून उभे. मामांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"जावईबापू, माझा अन् बादशाचा एक चांगला फोटो काढून द्याल का? फ्लेक्स लावायचं हाय. आता त्याचंबी वय झालं, अन् माझंबी. पुढच्या साली दोघं असू नसू."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. द्यायचेच ते. तूरडाळ, ज्वारी, सल्ला. मला एकदम भरून आलं आणि त्या भरात मी म्हणालो, "मामा, असा फोटो काढतो की सगळं देवणी बघत राहील!"

फोन ठेवल्यावर आठवलं, की आपल्याकडे लेन्स नाही.

वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, घरखर्चातून काढून थोडे पैसे हातावर ठेवले. "एवढ्यातच बसवा. वर एक रुपया मिळणार नाही." एवढ्यात नवी लेन्स बसणार नव्हती, जुनी बघायला हवी होती. हे मामांना कळलं आणि त्यांनी जाहीर केलं, "तुम्ही एकटे जाऊ नका. तुम्हाला बोली करता येत न्हाई. मी येतो."

आणि खरंच सकाळच्या एसटीने मामा नांदेडला आमच्या दारात हजर. डोक्याला टोपी, खांद्यावर पांढरी दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडचा रुमाल, पण मामांची दस्ती टॉवेलएवढी असते.

जुने कॅमेरे विकणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी माझ्या फुटलेल्या लेन्सची जुळी बहीण काढून समोर ठेवली. लहानशी, नेटकी. मी खूश. मामांनी ती तळहातावर घेऊन दोनदा वर-खाली केली.

"एवढीशी?"

"मामा, अशीच होती माझी."

"म्हणून तर फुटली." त्यांची नजर कपाटात गेली. "ती काय हाय?"

ती हातभर लांबीची होती. जुनी, झूम न होणारी, फोकस हाताने फिरवून करायचा. सलीमभाई म्हणाले, "मामा, ती घेऊ नका. लई दिवसांची पडून आहे. भाव थोडाच वर आहे, पण तिच्यातून लांबचं दिसतं, जवळचं नाही."

मामा हसले. "सलीमभाई, ज्याला शिवारापल्याडचं दिसतंय त्याला पुढ्यातलं दिसणार न्हाई व्हय?"

सलीमभाईंनी लेन्स कपाटातून काढून समोर ठेवली. मामांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण मी मोबाइलवर फोटोग्राफीचे ढीगभर व्हिडिओ पाहिले होते. पण ते सगळे मला अर्धवट आठवत होते, आणि चार पावलं मागे सरकलं की काम भागेल असं वाटलं. शिवाय एवढी लेन्स गळ्यात अडकवून देवणीच्या चौकातून आपण कसे दिसू, हेही मनात येऊन गेलं. मीही मान डोलावली.

मामांनी लेन्स तपासायला घेतली. कडी फिरवून कानाशी धरली. पुढून बघितलं, मागून बघितलं, वास घेतला. दात बघायचे तेवढे राहिले. मग त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून उजव्या हातावर टाकली आणि हात सलीमभाईंपुढे केला.

मला वाटलं, आता हे नांदेडच्या बाजारपेठेत आमची शोभा करणार! जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण कॅमेऱ्याच्या दुकानात?

सलीमभाईंचा चेहरा मात्र उजळला. "अरे वा मामा! आमचे अब्बा उदगीरच्या बाजारात दलाली करायचे." आणि त्यांनी हात दस्तीखाली सारला.

बोली सुरू झाली. मामा पंख्याकडे बघत होते, सलीमभाई रस्त्याकडे. दस्ती मात्र सारखी हलत होती. मध्येच मामांनी "छ्या!" म्हणून हात ओढून घेतला आणि दाराकडे निघाले. मीही पिशवी उचलून निघालो, तेव्हा त्यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. (ते खोटं निघायचं असतं म्हणे!) पुन्हा हात दस्तीखाली गेले. शेवटी दोघं एकदम म्हणाले, "झालं!"

"केवढ्याला ठरली?" मी विचारलं.

"भाव चारचौघांत बोलत न्हाईत."

"मामा, अहो पण पैसे माझे आहेत!"

"म्हणून तर तुमचं पाकीट घ्यायलोय," असं म्हणून मामांनी माझ्या खिशातून पाकीट काढलं, माझ्याकडे पाठ केली आणि व्यवहार पुरा केला. पाकीट परत आलं तेव्हा त्यात ऑटोपुरतं उरलं होतं. माझी लेन्स मला केवढ्याला पडली, हे आजही त्या दोघांनाच माहीत आहे.

घरी आल्यावर मी वैशालीला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि लेन्स लावली. काहीच दिसेना. नुसता पिवळा धूर. मागे सरकलो, सोफ्यावर चढलो, शेवटी गॅलरीच्या कठड्याला टेकलो. तेव्हा कुठे वैशाली स्पष्ट झाली, म्हणजे तिचं एक नाक आणि अर्धी कपाळावरची टिकली.

"पूर्ण मी कुठून येईन?" तिने विचारलं.

हे शोधायला मी गच्चीवर गेलो आणि तिला खाली, गल्लीच्या पार टोकाला उभं राहायला सांगितलं. अजून नीट नेम धरतोय, तोच समोरच्या इमारतीतून हदगावकडच्या काकू ओरडल्या, "अहो भाऊ, काय बघून राहिले तुम्ही आमच्या घरात? एवढी मोठी दुर्बीण लावून?" मी समजावून सांगायला त्यांच्याकडे वळलो. लेन्सही वळली. काकूंनी खाडकन खिडकी लावून घेतली, आणि त्यानंतर समोरच्या सगळ्याच खिडक्या एकामागून एक लागल्या.

"मामा, ही परत देऊन येऊ," मी हात जोडले.

मामा गंभीर झाले. "दस्तीखाली हात दिलाय, जावईबापू. तो शब्द मोडला तर उद्या बाजारात मला कोण उभं करंल? अन् गल्ली लहान हाय, त्यात लेन्सचा काय दोष? आपलं शिवार मोठं हाय."

झालं. रविवारी देवणी. फ्लेक्सवाल्याने बजावलं होतं, की संध्याकाळपर्यंत फोटो आला तरच प्रदर्शनाआधी फ्लेक्स लागेल. बादशाला धुऊन, शिंगांना तेल लावून, गळ्यात घुंगरमाळ घालून शेतात उभं केलं होतं. शेजारी मामा, नवं धोतर, फेटा आणि हातात कासरा. दोघंही इतके देखणे दिसत होते की मी लेन्स पुन्हा एकदा पुसून घेतली. हे आपल्याच्याने बिघडलं तर?

मी तिपाई रोवली. बादशाचं एक शिंग दिसलं. मागे सरकलो. दोन शिंगं. आणखी मागे सरकलो तर मान आली, पण मामा गेले. मामा आले तेव्हा बादशाची शेपटी गेली. असं करत करत मी मामांचं शेत संपवलं, बांध ओलांडला आणि बाबारावांच्या हरभऱ्यात शिरलो. तिथून मात्र दोघंही अगदी नखशिखांत मावले!

आता अडचण एवढीच होती, की माझा आवाज मामांपर्यंत पोचत नव्हता. वारा उलटा होता. मी फोन लावला. मामांनी एका हातात कासरा धरला, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला.

"मामा, थोडं डावीकडे."

"माझ्या का तुमच्या?"

"तुमच्या. आणि फोन खाली घ्या, फोटोत येतोय."

"फोन खाली घेतला तर ऐकू कसं येईल?"

बरोबर होतं. ते फोन खाली घ्यायचे, तेवढ्यात बादशा पाठ फिरवायचा. ते सांगायला मी फोन लावायचो, की फोन पुन्हा कानाला. ऊन कलत चाललं होतं. तिकडून मामांचा आवाज चढत होता, इकडे मी फोकसची कडी फिरवत होतो, आणि त्या लेन्समध्ये हात जरासा हलला तरी बादशा शिवार सोडून जायचा.

एवढ्यात मागून कुणीतरी गरजलं, "कुणाच्या परवानगीनं मोजणी करायलाव?"

बाबाराव! हातात काठी, मागे चारपाच माणसं. भावकीत बांधावरून जुना वाद होता आणि बांधापलीकडच्या घरचा जावई त्यांच्या हरभऱ्यात तिपाई रोवून, नळीला डोळा लावून उभा होता. दुसरं कुणीही हेच समजलं असतं.

"मोजणी नाही हो, फोटो!" मी म्हणालो.

"कशाचा?"

"बादशाचा."

"बादशा तिथं, अन् तुम्ही इथं?" त्यांनी मागच्या माणसांकडे बघितलं. "हे मला येडं समजायलेत!"

मी लेन्स लांबून बघण्याची आहे हे समजावू लागलो. ते जितकं समजावलं तितकं मोजणीचंच यंत्र वाटायला लागलं. माझ्या कानाशी फोन चालूच होता. बाबारावांचा आवाज मामांना ऐकू गेला, आणि लेन्समध्ये मामा एकदम ताठ झालेले दिसले. छाती पुढे आली, डोळे पेटले, कासऱ्याचा हात वर होऊन बोट आमच्याकडे रोखलं गेलं. बादशानेही त्याच क्षणी मान उंचावली. मामा फोनमध्ये जे ओरडले त्याने मी एवढा दचकलो की बोट आपोआप बटणावर दाबलं गेलं.

त्यानंतर बाबारावांनी स्वतः नळीला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दिसतोय तर झ्याक." काठी खाली आली आणि आम्ही सगळे चहाला गेलो.

चहा होताच बघतो तर सगळे फोटो धूसर. स्पष्ट तेवढा एकच. त्यातही मामांच्या कानाला फोन! मला रडू यायचं बाकी होतं. भीतभीत मी तो मामांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांशी धरला. चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि मान हलवत म्हणाले, "हाच. बादशा बघा कसा बघायलाय."

आता ते फ्लेक्स देवणीच्या चौकात दिमाखात उभं आहे. फोन कानाला, बोट पुढे, तोंड उघडं, शेजारी बादशा. बाबारावांचा गॉगल त्यापुढे अगदी फिका पडला. "फोटो म्हणजे पुढाऱ्यासारखा आलाय! एवढं कुणाला आदेश द्यायलेत मामा?" असं लोक विचारतात. मामा मिशीत हसून सांगतात, "एक मोठा व्यवहार चालू होता."

खरं काय ते मला माहीत आहे. लग्नापासून मला 'अहो जावईबापू' शिवाय हाक न मारणारे मामा त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा मला एकेरीवर आले होते: "आरं, बांधाच्या अल्याड ये की, गाढवा!" ते तोंड त्याच शब्दावर उघडं राहिलेलं आहे. आणि फ्लेक्सवाल्याने शुभेच्छुक म्हणून खालच्या कोपऱ्यात, मामांनी रोखलेल्या बोटाच्या बरोबर टोकाला, माझा फोटो टाकलाय. मी हात जोडून हसतोय.