गुण्याचा शिकंजा

९ मार्च, सोमवार. अठरा हजार सहाशे रुपये. डॉक्टरांनी हा आकडा चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिला आणि गुण्याने तो दोनदा वाचून घडी खिशात घातली.

गुण्या हे काही त्याचं नाव नव्हे. सुतार काटकोन तपासायला जो लोखंडी गुण्या वापरतात, तो याच्या पँटच्या मागच्या खिशात कायम असायचा, म्हणून ते नाव पडलं. दारं-खिडक्यांच्या कारखान्यात तो एकोणतीस वर्षं तयार माल तपासत होता. चौकट तसूभर कलली की लाल खडूची फुली. फुली मारताना त्याचा चेहरा जेवढा खुलायचा, तेवढा पगाराच्या दिवशीही खुलत नसे. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, तरी चहा यायच्या आत त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सरळ करून मोकळा.

माणसंही तो त्याच मापाने मोजायचा. बायकोचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली होता. लग्नाला आठवडा झाला नाही तोच त्याने तिचं नाव ‘तिरकी’ ठेवलं, आणि सव्वीस वर्षं चारचौघांत त्याच नावाने हाक मारली. घरच्या फोटोत तिची जागा मागच्या रांगेत, एका टोकाला. कारखान्यातल्या पॉलिशवाल्याची उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू तळहाताकडे आखडत गेलं, तेव्हा गुण्याने मालकांच्या कानावर घातलं की पॉलिशला रेघा पडतात. वीस वर्षं लाकडाला आरशासारखी चमक देणाऱ्या माणसाच्या हातात झाडू आला. वर गुण्या सगळ्यांसमोर म्हणाला, “कुत्र्याचं शेपूट बारा वर्षं नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.” सगळे हसले. पॉलिशवाल्याने भुसा गोळा केला.

तर असा हा नाकासमोर चालणारा माणूस पाच महिन्यांपूर्वी स्वतःच वाकायला लागला. आधी लिंगात दुखू लागलं, मग कातडीखाली मसुरीएवढी कडक गाठ हाताला लागली, आणि मग ताठरता आली की ते वर आणि डावीकडे वळू लागलं. गुण्याने अर्थातच कोन मोजला. वहीत नोंदी होत्या: वीस, अठ्ठावीस, पस्तीस अंश. तीन महिने त्याने ती वही कुलपात ठेवली, आणि मग दूरच्या पेठेतला डॉक्टर शोधला.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे समजावून सांगितलं. याला पेरोनीचा आजार म्हणतात. आतल्या पडद्याला कधीतरी बारीकशी इजा होते, बऱ्याचदा ती आठवतही नाही, आणि तिथे वण धरतो. वण ताणला जात नाही, म्हणून त्या बाजूला बाक येतो. हा कर्करोग नाही, बाहेरख्यालीपणाचा रोग नाही, कुणाकडून लागत नाही, कुणाला लागत नाही. मग त्यांनी गुण्याचे तळहात उलटसुलट करून पाहिले. हाताची बोटं आखडतात तोही याच जातीचा आजार, पुष्कळदा दोन्ही बरोबर येतात, घरात कुणाला आहे का, असं विचारलं. गुण्या म्हणाला, घरात कुणाला नाही. आणि त्याने हात मागे घेतले.

“अजून दुखतंय, म्हणजे आजार अजून चालू आहे,” डॉक्टर म्हणाले. “कोन निदान सहा महिने तोच राहिला, की मग शस्त्रक्रियेचं बघू. तोवर हे ताण देणारं उपकरण. ताण हलका, सांगितला तेवढाच वेळ. बधिर वाटलं, गार पडलं, रंग बदलला की तेव्हाच्या तेव्हा काढायचं. आणि पस्तीस अंशांत संसार चालतो हो. पुढच्या वेळी बायकोला घेऊन या.”

ओल्या लाकडाला करवत लावायची नाही, हे गुण्याला कुणी शिकवायला नको होतं. त्या एका कारणासाठी त्याने शेकड्यांनी चौकटी परत पाठवल्या होत्या. पण बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि तीस तारखेला परत येणार होती. हातात एकवीस दिवस. जिला सव्वीस वर्षं तिरकी म्हटलं, तिच्यापुढे आपण असं जायचं? ती काही बोलणार नाही, हे त्याला माहीत होतं. नुसती बघेल. तेवढं बघणं त्याला सोसणार नव्हतं.

उपकरणाचे अठरा हजार सहाशे त्याने वाचवले. कारखान्याच्या स्टोअरमधून दोन पितळी सळया, दोन स्प्रिंगा, चार नट आणि नमद्याची मऊ पट्टी घेतली. स्टोअरकीपरने विचारलं, कशाला? हा म्हणाला, खिडकीचा नमुना करतोय. डॉक्टरांचं उपकरण नुसतं लांब ओढायचं. गुण्याला ते दुकानदारी वाटलं. बाक आलेली पट्टी शिकंज्यात धरतात ती सरळ नव्हे, सरळच्या पलीकडे, उलट अंगाला, कारण सोडली की ती थोडी मागे येते, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं पान होतं. त्याने तसाच शिकंजा केला. काम सुबक झालं होतं, कुठे कोर नाही की कंगोरा नाही. रोज नटाला अर्धा फेरा. आठवड्याने वहीत तेहतीस लिहिलं. ते खरंच तेहतीस होते की डोळ्यांना हवे होते, देव जाणे.

सव्वीस तारखेला सकाळी लेकीचा फोन आला. आई आजच निघतेय, संध्याकाळी पोहोचेल. गुण्याने नटाला दोन पूर्ण फेरे दिले, वरून ढगळ पँट चढवली आणि कामावर गेला.

दहा वाजता कळा येऊ लागल्या. त्याने दात आवळून फुल्या मारल्या. अकराला कळा थांबल्या, आणि जमलं म्हणून हा खूश झाला. एरवी केसाएवढी चूक न सोडणारा माणूस, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या तीन खुणांतली पहिली खूण त्याने बक्षीस समजून घेतली. साडेबाराला लघवीला गेला आणि खाली पाहिलं, तर जांभळं-काळं पडलं होतं. नट फिरेना, त्याचे आटे झिजले होते. सूज स्प्रिंगेवर चढली होती. बाहेर झाडूचा आवाज येत होता.

“कोण आहे?”

“मी, साहेब. झाडतोय.”

आतून कडी सरकली.

“आत ये. दार लाव.”

पॉलिशवाला आत आला, त्याने पाहिलं आणि झाडू भिंतीला टेकवला. पाना शिरायला जागा नव्हती. त्याने डाव्या हाताची बोटं घालून पाहिली, तीही शिरेनात. मग त्याने उजव्या हाताची ती आखडलेली करंगळी सुजलेल्या कातडीखालून सरकवली. आकड्यासारखी ती स्प्रिंगेत अडकली, आणि तो ओढू लागला. गुण्याने रुमाल दातांत धरला होता. दोन-तीन मिनिटं गेली, स्प्रिंग सुटली, सळई फरशीवर वाजली.

“सरळ बोटाचं काम नव्हतं हे, साहेब,” पॉलिशवाला म्हणाला. एवढंच.

त्याने आपला टॉवेल गुण्याला गुंडाळला, मागच्या फाटकाने बाहेर काढलं, टॅक्सी केली, मोठ्या दवाखान्याच्या दारात भाडं दिलं आणि पुन्हा कामावर गेला. कुणाला चकार शब्द बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. शिकंजा मुतारीच्या फरशीवरच राहिला होता. स्टोअरकीपरने आपलं पितळ ओळखलं, आणि पाळी सुटायच्या आत कारखान्याला खिडकीचा नमुना कळला.

शिकंजा आवळला होता तिथली कातडी कड्यासारखी गोल मेली होती. ती काढावी लागली, मांडीची लावावी लागली. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. इतके दिवस प्रश्न वाकण्याचा होता. आता जुन्या वणाला नवा वण मिळाला, आतल्या नसाही दबल्या. ताठरता परत येते की नाही हाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर वर्षाशिवाय मिळायचं नाही.

दवाखान्यातून फोन गेला, तशी बायको गाडीतून उतरून पिशवीसकट थेट तिथे आली. पिशवीच्या ओझ्याने डावा खांदा आणखी खाली गेला होता. डॉक्टरांनी दोघांना समोर ठेवून विचारलं, हे नेमकं कधीपासून? गुण्या म्हणाला, झाले असतील दोनेक महिने.

“पाच,” बायको म्हणाली. “मी लेकीकडे जायच्या आधीपासून.”

डॉक्टरांनी मान वर केली. “तुम्हाला माहीत होतं? मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“वाट बघत होते. दुसऱ्याचं वाकडं यांना लगेच दिसतं, लगेच बोलताही येतं. म्हटलं, स्वतःचं किती दिवसांनी बोलतात ते बघू.” मग गुण्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, “माझं काही अडत नव्हतं हो.”

गुण्याने भिंतीकडे पाहिलं. तिथलं कॅलेंडर कललेलं होतं. त्याने ते तसंच राहू दिलं.

घरी दोन महिने तिने रोज जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. एकही दिवस चुकला नाही, एकही टोमणा नाही. पट्टी मात्र इतकी सरळ बांधायची की गुण्याला फुली मारायला जागाच नव्हती.

कामावर परतला तेव्हा लाल खडू दुसऱ्याकडे गेला होता. याला स्टोअरमध्ये बसवलं, नट मोजून द्यायला. पाठीमागे कुणीतरी शेपटाची आणि नळीची म्हण काढतं, आणि सगळे हसतात. पॉलिशवाला हसत नाही, तो झाडत असतो.

एकदा मालकांनी गुण्याला बोलावून विचारलं, तुझ्या शब्दावर पॉलिशवाल्याच्या हातात झाडू दिला, त्याच्या बोटाने कामात खरंच खोट येते का? एका वाक्याचं काम होतं. पण त्या बोटाने काय काय होतं हे सांगायचं, तर मुतारीचं ते दार पुन्हा उघडावं लागलं असतं.

“रेघा पडतात, साहेब,” गुण्या म्हणाला.

पॉलिशवाला अजून झाडतो. त्याने दिलेले टॅक्सीचे दोनशे दहा रुपये गुण्याकडून यायचे आहेत.