भरल्या डब्यांची सायकल

सुगंधाकडे गिअरची सायकल आहे हे ऐकून पालघरकडच्या कुंभवलीत नवा आलेला माणूस हसायचाच. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. बाईमाणूस सायकलवर, हँडलला आणि कॅरिअरला डबे लटकलेले, आणि वर गिअर! हसा बापड्यांनो. भरल्या डब्यांनिशी साधी सायकल जाग्यावरून हलवून दाखवा, मग हसा. वीज केंद्राच्या कॉलनीतले एक साहेब बदली होऊन गेले, तेव्हा पोराची जुनी सायकल तिला देऊन गेले होते. त्या सायकलवर तिचा संसार चालला होता.

संसार म्हणजे ती आणि नवरा पुंजाराम. बीडकडची माणसं. पुंजाराम तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला आणि हा गडी जो खोलीत बसला तो बसलाच. आजारी नाही, दारूडा नाही, नुसती लाज. ज्या रस्त्यानं 'पुंजारामदादा, पुंजारामदादा' ऐकत गेलो त्या रस्त्यानं आता हात हलवत कसं जायचं, म्हणून तो कोपऱ्यावरच्या नळापलीकडे जाईना. मग सुगंधानं शेजारच्या कारखान्यातल्या कामगारांचे डबे धरले. पहाटे भाकऱ्या, दुपारी डबे पोचवायचे, संध्याकाळी भांड्यांचा ढीग. नवऱ्याशी ती भांडत नसे. लोक म्हणत, किती सोशीक बाई! सोशीक कसली डोंबलाची. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, खाऱ्या हवेनं सायकलच्या रिमा खाल्ल्या. नाक्यावरच्या गोमानं दोन्ही चाकं नवी बसवून दिली. चाकं झकास, चकाचक. पण पायडलवर जोर दिला की मागं खाड्‌कन आवाज व्हायचा, चेन मागच्या एका दातेरी चकतीवरून दुसरीवर उडी मारायची, नाही तर सरळ खाली लोंबायची. एकदा सायकल आडवी झाली आणि वरण रस्त्यावर सांडलं. रोज उशीर व्हायला लागला. शेवटी कारखान्याच्या गेटवरचा चंद्रभान म्हणाला, "भाभी, कल भी लेट हुआ तो हम लोग कँटीन में खाना चालू कर देगा. बुरा मत मानना."

ती तशीच गोमाकडे गेली. गोमा मूळचा घिवलीचा, होडीवरचा. त्यानं सायकल घोडीवर, म्हणजे उंच स्टँडवर, चढवली, हातानं पायडल फिरवलं, गिअर टाकले. चेन लोण्यासारखी फिरली.

"वयनी, माज्या हातात तं बराबर चालते. तुमीच चढताना काय तरी करता."

असं म्हणून त्यानं गिअरची तार आणखी थोडी ताणली. दोरी म्हटली की ताणायची, ही होडीवरच्या माणसाची खोडच. ढिली दोरी त्याला बघवतच नाही.

घरी येताना चेन परत पडली. सुगंधानं सायकल भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यावर बसली. "मी न्हाई जात उद्या," ती म्हणाली. "लावू द्या त्यांना कँटीन. मला आता झोपायचंय." आणि खरं सांगायचं तर, असं म्हणताना तिला बरं वाटलं. सायकल मोडली म्हणजे आपण थांबलो तरी आपल्याला कुणी बोलणार नाही, असं तिला वाटलं, आणि मग स्वतःचीच भीती वाटली.

सकाळी उठून तिनं भाकऱ्या मात्र थापल्या. हाताला सवय.

डबे भरून झाले तेव्हा पुंजाराम सायकलच्या मागं उकिडवा बसला होता, एक डोळा मिटून.

"गोमानं सायकल बांधलीया का होडी?" तो म्हणाला. "तार किती ताणलीया बघ. अगं, नव्या चाकाची चकती जुन्यापेक्षा जराशी भायेर बसली. गिअर तिथंच ऱ्हायला जुन्या जागी. चाक बदललं, ते ह्या गिअरला कुणी सांगितलंच न्हाई."

त्यानं तार सोडली. बारका स्क्रू किंचित फिरवला, मागून पाहिलं, परत फिरवला. सुगंधानं सीटला धरून सायकल उचलली, त्यानं पायडल फिरवलं. चेन सुरळीत फिरली.

"गोमाच्या हातातबी असंच चालत व्हतं," ती म्हणाली.

"रिकामी कुणाच्याबी हातात चालती. डबे लाव. वळणापोतर जाऊन येतो."

तिनं डबे लावले. तो गेला. नळापलीकडे गेला.

वळणावरून यायला किती वेळ लागतो? तो काही येईना. सुगंधा दारात उभी राहिली, मग रस्त्यावर आली. पडला असेल, तिला वाटलं. मग वाटलं, कुणी ओळखीचं दिसलं असेल आणि हा माझे डबे टाकून कुठं तरी तोंड लपवून बसला असेल. जेवणाची सुट्टी होऊन गेली. संपलं, ती मोठ्यानं म्हणाली, आज माझं संपलं. तिनं त्याला शिव्या दिल्या, नाव घेऊन दिल्या.

पुंजाराम आला तो घामानं निथळत, चालत, सायकल हातात धरून. शर्ट पाठीला चिकटलेला. डबे हलके वाजत होते.

"वळण कुठं ऱ्हातं तुमचं? पालघरला?" ती ओरडली.

"वळणावर खाड्‌ झालं," तो म्हणाला. "उतरून जरा फिरवलं. म्हटलं पुढं बघू. पुढं परत झालं, परत फिरवलं. असं करत करत गेटच आलं. मग काय, डबे वाटले."

"वेळेत?"

"भोंग्याच्या आधी."

"चंद्रभान काय म्हणला?"

"म्हणला, दादा, आज सब्जी में नमक कम है."

हसावं की रडावं, तिला कळेना. "मग आता चेन पडली का? चालत का आलात?"

"चेन न्हाई पडली." तो सायकल सोडून तिथंच मातीत बसला. दम लागला होता. "येताना समुद्राचा वारा तोंडावर येतो गं. पायडल मारवंना."

"येतो," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज," सुगंधा म्हणाली, आणि त्याच्याशेजारी बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, हुंदके देऊन रडली.