ताम्हणातले प्रायमर

अन्वर सर कुणाच्याही घरी गेले, की पाणी प्यायच्या आधी त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या फळीवर जायची. चिठ्ठी नसलेला डबा दिसला, की संपलं. "वहिनी, ह्याच्यात काय हाय?" "सोडा असेल बहुतेक." "असंल? बहुतेक? मग खाणारा बी बहुतेकच वाचंल!" माझ्या बायकोने वैतागून मिठाच्या डब्यावरसुद्धा 'मीठ' लिहून चिकटवलं. सर हसले नाहीत. "आता कसं घर वाटतंय," म्हणाले.

सर यंदा उन्हाळ्यात गेले. आमच्या रायफल क्लबने फलकावर 'शिस्तप्रिय मार्गदर्शक हरपले' असं लिहून श्रद्धांजली वाहिली. ते वाचून माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहितो आहे.

सर मूळचे सिल्लोडचे, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरातले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि गारखेड्यात राहिले. क्लबला काडतुसं पुन्हा भरायची परवानगी होती आणि ते काम सरांकडे होतं. वापरलेल्या काडतुसाच्या बुडात प्रायमर म्हणजे टिकलीएवढी नवी टोपी बसवतात. घोडा दाबला की ती पेटते आणि आतली दारू पेटवते. दिसायला सगळ्या टोप्या सारख्याच, पण एखादी सौम्य, एखादी जहाल. कुठली कोणती, ते फक्त तिची पेटी सांगते. म्हणून सर भरायला बसले की टेबलावर एकच पेटी, बाकीच्या कुलपात. "दोन पेट्या उघड्या ठिवल्या म्हंजे एका मांडवात दोन नवरदेव," ते म्हणायचे. "अदलाबदल झाल्यावर बोंब मारून काय फायदा?"

दसऱ्याला क्लबमध्ये शस्त्रपूजा असते. तिचा झेंडू दरवर्षी सरच आणायचे, निवडून, ताजा. एका वर्षी आदल्या दिवशी फुलं पोहोचवून ते पुतण्याच्या लग्नाला सिल्लोडला गेले. इकडे पूजेला पुढारी येणार, फोटो निघणार, म्हणून आमच्या सेक्रेटरींना अवदसा आठवली. त्यांनी क्लबमधल्या दुसऱ्या किल्लीने कपाट उघडलं, प्रायमरच्या सगळ्या पेट्या ताम्हणात ओतल्या आणि पाकळ्यांच्या मधोमध त्या चकचकीत टोप्यांचं स्वस्तिक काढलं. फोटो झाले. मग सगळ्या टोप्या एका बरणीत, आणि रिकाम्या पेट्या कचऱ्यात!

सिल्लोडहून परतल्यावर सरांनी ती बरणी पाहिली. "अरे भई, ह्यांची ओळखच पुसली तुम्ही. आता हलवू नका, परवाना हापिसाला कळवा, ते नेतील. ह्यातली एक बी टोपी मी भरणार नाय."

स्पर्धा तोंडावर होती, नवा माल यायला वेळ लागणार होता. कमिटीची बैठक बसली. तिथे सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणाले, "टोप्यांचं काही नाही हो. सरांना पूजेतलं चालत नाही, एवढंच."

आजही हे वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. ज्या माणसाने दरवर्षी पूजेची फुलं निवडून आणली, त्याला हे ऐकवायचं! मी उठून ओरडलो. मला हाताला धरून खाली बसवलं. सरांनी शांतपणे किल्ली टेबलावर ठेवली. "मला काय म्हनायचं ते म्हना. पण लेकरांच्या डोळ्यांम्होरं काडतुसात अंदाज भरू नका," एवढं बोलून ते निघून गेले.

काडतुसं दुसऱ्या एकाने त्याच बरणीतल्या टोप्या बसवून भरली. रविवारी सरावाला रोहिणी होती, बजाजनगरच्या एका कामगाराची मुलगी, आमच्यातली सगळ्यात चांगली नेमबाज. पहिला बार फुसका निघाला. थोडं थांबून तिने दुसरं काडतूस घातलं, आणि त्या बाराला रायफलीच्या मागच्या बाजूने जाळ उसळला. पितळेचा तुकडा तिच्या भुवईत घुसला. सरांनी सक्तीने लावायला शिकवलेला चष्मा होता म्हणून डोळा वाचला, स्पर्धा मात्र गेली. कंपनीच्या गणवेशातच धावत आलेल्या तिच्या वडिलांना सेक्रेटरी काय म्हणाले? "तिनं रायफल नीट धरली नसेल."

पुढच्या आठवड्यात हेच सेक्रेटरी शाल-श्रीफळ घेऊन सरांच्या घरी आले. मी तिथेच बसलो होतो. "झालं गेलं विसरा सर, परत या," असं म्हणत त्यांनी शाल सरांच्या मांडीवर ठेवली.

सरांनी शालीला हात लावला नाही. "एकच सांगा. त्या दिशी तुमचा पोरगा बी शेजारच्या जागेवर व्हता. त्याला त्या बरणीतल्या टोपीचं काडतूस दिलं व्हतं?"

सेक्रेटरी उठायला लागले. दिलं नव्हतं. त्याच्यासमोर कारखान्यातच भरलेल्या काडतुसांची सीलबंद पेटी होती, ती मी स्वतः पाहिली होती.

"म्हंजे तुम्हाला ठावं व्हतं," सर म्हणाले आणि शाल उचलून त्यांच्या हातात परत दिली.