सत्काराचे नारळ

खारीगाव नाक्यावरच्या नारळवाल्या मावशीचा धाकटा भाऊ परक्या देशाच्या तुरुंगात मारला गेला. कधी? इकडे कुठलं खातं कोणाला, यावर पुढाऱ्यांची हॉटेलात बैठक चालली होती, त्याच दुपारी. पाणी मागितलं म्हणून पहारेकऱ्यांनी त्याला तुडवलं.

मावशीला तुम्हीही पाहिलंय. डाव्या तळहातावर शहाळं, उजव्या हातात कोयता. खाट! बोलतानाही कोयता खाली ठेवायची नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "एक घाव दोन तुकडे! घेतोय का नाय?"

भाऊ जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस. मालकाने चोरीचं तेल भरलं, पकडले गेले खलाशी. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलेलं. मी खलाशांच्या सुटकेची पत्रकं वाटायचे. पहिलं पत्रक वाचून ती भडकली. "'नम्र विनंती'? नम्र कशाला गं? त्यांचा भाऊ हाय का आत?" पत्रक मी पुन्हा लिहिलं.

सुटकेची बोलणी जवळजवळ जमली होती. मग निवडणूक झाली आणि कोणालाच बहुमत नाही. एका छोट्या पक्षाने पाठिंब्यासाठी अट घातली: त्या देशाशी बोलणी बंद. मोठ्या पक्षाने मान डोलावली.

आम्ही त्या पक्षाच्या इथल्या कार्यालयात गेलो. कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, जरा दम धरा. सरकार बनू दे, मग बघू."

"मग म्हंजे कधी? तिकडं त्याच्या बरगड्या मोडतायत."

"अहो, देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

तिने टेबलावर कोयता हाणला. "ठेव तुझी इज्जत इथं. बोटं काढ आधी."

सरकार बनलं. शपथविधीच्या दिवशी त्याच कार्यकर्त्याने सत्कारासाठी तिच्या हातगाडीवरचे सगळे नारळ मागवले. भाऊ गेल्याचा फोन तिला त्याच सकाळी आला होता. ती स्वतः गाडी ढकलत घेऊन गेली.

बाहेर फटाक्यांची माळ तडतडत होती. पहिला नारळ तिने कार्यालयाच्या पायरीवर फोडला. दुसरा अभिनंदनाच्या फ्लेक्सवर, नेत्याच्या दातांवर. तिसरा कार्यकर्त्याच्या कपाळावर. नवीकोरी शाल रक्ताने भिजली. प्रत्येक नारळामागे ती भावाचं नाव घेत होती. मी तिला आवरलं नाही.

पोलिसांनी तिला केसाला धरून गाडीत कोंबलं. जामीन झाल्यावर ती गावी गेली ती परत आली नाही. नाक्यावर तिचा लाकडी ओंडका तेवढा उरलाय, कोयत्याच्या घावांनी भरलेला.

बाकीचे खलाशी अजून आत आहेत. बोलणी "लवकरच" सुरू होणार म्हणे. तोच कार्यकर्ता कपाळावरचा व्रण घेऊन तुमच्या सोसायटीत मतं मागायला येईल. ओवाळणीचं ताट घरात ठेवा. गेट लावून घ्या आणि विचारा: खलाशांना सोडवतोयस का नाय? कधी? उत्तर मिळेपर्यंत कडी काढू नका.